फाटकात विचारलेला प्रश्न



जूनमध्ये आपली बालवाडी सुरू होते, तो पहिला आठवडा मी सकाळी आवारातच असतो. काम असे काही नसते, नुसता उभा असतो. नऊ वाजता फाटकाशी गर्दी होते. कुणी आजोबांचे बोट धरून येते, कुणी स्कूटरवर पुढे उभे राहून, कुणी आईच्या कडेवर. मग रडण्याचा एकच कल्लोळ उठतो. एक रडते म्हणून दुसरे रडते आणि ही दोन्ही का रडतात हे न समजून तिसरे रडते. टीचर आणि मावशी एकेकाला आत नेतात, दार लोटले जाते, आणि आई-बाबा जाळीबाहेर उभे राहतात. त्यांना रोजची लोकल गाठायची असते, ऑफिसात उशिराचा शेरा बसणार असतो. तरी पाय निघत नाही.

या वर्षी त्या गर्दीत एक तरुण आई होती. एप्रिलमध्ये ती प्रवेशासाठी माझ्याकडे आली होती, तेव्हा तिने प्रश्न कागदावर लिहून आणले होते. वर्गात किती मुले? टीचर इंग्रजीत बोलतात का? वर्षाअखेरीस सगळी अक्षरे लिहिता येतील का? गृहपाठ देता का? कॅमेरा आहे का? प्रश्न सगळे रास्त होते आणि मी त्यांची उत्तरे दिली. जूनच्या त्या सकाळी मात्र तिच्याजवळ कागद नव्हता. मुलाची मूठ तिच्या ओढणीवरून सोडवता सोडवता तिने हळूच एवढेच विचारले, "टीचर, तो रडला तर जवळ घ्याल ना?"

एप्रिलमधले प्रश्न आणि जूनमधला हा प्रश्न यांच्यामधले अंतर हा आजच्या लेखाचा विषय आहे. लहान मुलांच्या शिक्षिकेमध्ये आपण पालक म्हणून नेमके कशाचे मोल करतो? जे कागदावर लिहून विचारतो त्याचे, की जे फाटकात नकळत तोंडून निघते त्याचे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने केलेला एक साधा भेद आम्हाला सुरुवातीलाच शिकवला जातो. काही गोष्टी आपल्याला दुसऱ्या कशासाठी तरी हव्या असतात, तर काही त्यांच्या स्वतःसाठीच हव्या असतात. औषध आपण बरे होण्यासाठी घेतो. औषधाची गोडी कुणाला नसते. मित्राशी मात्र आपण गप्पा मारतो त्या गप्पांसाठीच. त्यातून पुढे काही मिळावे असा हेतू असेल, तर ती मैत्री नव्हे हे आपल्याला कळते.

एप्रिलचे सगळे प्रश्न औषधाच्या जातीचे आहेत. नर्सरी ज्युनियर केजीसाठी, केजी पहिलीसाठी, पहिली दहावीसाठी आणि दहावी नोकरीसाठी. या साखळीत तीन वर्षांचे मूल म्हणजे सत्तावीस वर्षांनी तयार होणारा माल ठरतो. पण ते मूल आजच तीन वर्षांचे आहे. आजचा त्याचा दिवस त्याचा स्वतःचा आहे. खिडकीतल्या चिमणीकडे बघत त्याने घालवलेली पाच मिनिटे पुढे कुठल्या परीक्षेत उपयोगी पडोत वा न पडोत, ती वाया गेलेली नसतात. जूनचा प्रश्न विचारणाऱ्या आईला हे कळलेले असते. "जवळ घ्याल ना?" या प्रश्नात पुढच्या कुठल्याच इयत्तेचा विचार नाही. आज, आत्ता, माझे मूल एकटे पडू नये, एवढेच त्यात आहे.

कुणी म्हणेल, फादर, जवळ घेणे ठीक आहे, पण शाळेत शेवटी शिकायला पाठवतो. हे खरे आहे. म्हणून संत अगस्तीनची आठवण करून देतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात त्याने बालपणाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. लॅटिन भाषा तो दायांच्या मांडीवर, हसणाऱ्या-खेळवणाऱ्या माणसांमध्ये आपसूक शिकला. ग्रीक मात्र शाळेत, छडीच्या धाकाखाली शिकावी लागली, आणि ती त्याला कधी आवडली नाही. एवढा मोठा बुद्धिमान माणूस, पण भीतीने शिकवलेली भाषा त्याला परकीच राहिली. मोकळ्या कुतूहलाने मूल जेवढे शिकते तेवढे धाकाने शिकत नाही, हा निष्कर्ष त्याने स्वतःच्या अनुभवावरून काढला.

त्याच पानांत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचताना मी नेहमी थांबतो. शाळेत मार बसू नये म्हणून लहानगा अगस्तीन देवाची विनवणी करीत असे, आणि त्याच्या अंगावरचे वळ पाहून घरची मोठी माणसे हसत असत. त्याचे आईवडीलही. ते काही दुष्ट नव्हते. आईची तर आपण संत मोनिका म्हणून आठवण करतो. मुलाने शिकून मोठे व्हावे असेच त्यांना वाटत होते. पण भविष्यावर नजर इतकी खिळली होती की समोरच्या मुलाचे दुःख त्यांना विनोद वाटले. सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही का?

म्हणजे जवळ घेणे आणि शिकवणे ही एकमेकांची वैरी नाहीत. पहिले असेल तिथेच दुसरे रुजते. पण इथे एक सावधगिरीही हवी. माया केली की मूल लवकर वाचायला शिकते, म्हणून माया करा, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मायेचेही आपण औषध करून टाकले. एखादे मूल कितीही माया केली तरी अक्षर उशिराच गिरवील, तरीही ती माया त्याला मिळायलाच हवी. ती त्याची फी नव्हे, त्याचा हक्क आहे.

हे सारे आपल्याला दुरून शिकायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात बोर्डी आणि कोसबाड आहेत. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. समोर होती आदिवासींची मुले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे, गुरे राखायची, म्हणून ती शाळेत येत नसत. ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. त्यातून अंगणवाडी हा प्रयोग उभा राहिला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही निघाल्या. महागड्या साहित्याऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरले गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

त्या पाड्यांवरच्या आईबापांच्या हाती प्रश्नांचा कागद नव्हता. अमुक अक्षरे कधी येणार, हे त्यांनी विचारले नसावे. पण परकी बाई आपल्या अंगणात येते, आपल्या धुळीने माखलेल्या पोराला हात लावते, त्याला स्वच्छ करते आणि उद्या पुन्हा येते, हे त्यांना दिसत होते. विश्वास बसला असेल तो त्या "उद्या पुन्हा येण्या"वर. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तिथेही अशीच सोय होती. बालगृह चाळीसारख्या त्या इमारतीतच होते, आणि शिक्षिकेने तिथेच राहावे अशी योजना होती. आईने आठवड्यातून एकदा तिला भेटावे असा नियम होता. शिक्षिका कशी बोलते, कशी वागते, हे शेजारपाजारच्या डोळ्यांसमोर होते.

आज आपल्याकडे ते शेजारपण उरलेले नाही. आई-वडील सकाळची विरार लोकल पकडून मुंबईला जातात ते दिवेलागणीनंतर परततात. वाडीतली घरे जाऊन इमारती झाल्या. ज्या टीचरच्या हाती मूल सोपवायचे, तिचे आडनावही पुष्कळदा ठाऊक नसते. तेव्हा पालक कॅमेरा मागतात यात नवल काय? २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर कोणत्या पालकाने निर्धास्त राहावे? संस्था चालवणाऱ्या आम्हा मंडळींनी, आणि त्यात मी धर्मगुरूंनाही धरतो, "आमच्यावर विश्वास ठेवा" एवढे म्हणून भागणार नाही. विश्वास मागायचा नसतो, तो मिळवायचा असतो. ज्याला प्रश्न विचारता येत नाहीत त्याच्यावर ठेवलेला विश्वास आंधळा असतो.

म्हणून कॅमेरा असावा. पण कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही ओळखून असावे. त्याला हात दिसतात, लक्ष दिसत नाही. टीचर मुलाजवळ बसली आहे हे दिसते. मुलाचे अर्धवट वाक्य पुरे होईपर्यंत ती थांबली, हे दिसत नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला बोलते करायचे, की आज गप्पच राहू द्यायचे, हा निर्णय तिने मनाशी घेतला, तोही दिसत नाही. कॅमेरा वाईट कृत्य पकडू शकतो, पण चांगुलपणा निर्माण करू शकत नाही. तो माणसाच्या ठायी असावा लागतो, आणि आजूबाजूच्या माणसांनी तो जोपासावा लागतो.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. पालकांना टीचरची माया मनापासून हवी असते, याविषयी मला शंका नाही. पण मोल ते करतात विचारून, आणि विचारतात दुसरेच. दुपारी बारा वाजता फाटक उघडते तेव्हा उभा राहून ऐका. "आज काय शिकवलं?" "वही दाखव." "अजून बी आणि डी उलटाच काढतो, टीचर." हे रोज ऐकून टीचर काय करील?

आपल्याच बालवाडीतली गोष्ट सांगतो. एका वर्षी दिवाळीनंतर मी वह्या पाहिल्या. पाने भरलेली, अक्षरे एका ओळीत. मला कौतुक वाटले. मग लक्षात आले की साऱ्या वह्यांतले अक्षर सारखेच आहे. टीचरने प्रत्येक मुलाचा हात धरून पाने भरून घेतली होती. अक्षर मुलांचे नव्हते, टीचरचे होते. आणि वाळूचे तबक, मणी, मातीचे गोळे कपाटात बंद होते. मी विचारले तेव्हा ती ओशाळली नाही. सरळ म्हणाली, "फादर, वाळूत काढलेलं घरी नेता येत नाही. पालक वही बघतात."

तिचे चुकले का? थोडे चुकले. पण आपले जास्त चुकले. प्रश्न विचारणे ही मोल सांगण्याची रीत आहे. जे आपण रोज विचारतो ते वाढते, जे कधीच विचारत नाही ते हळूहळू सुकते. एखादी शिक्षिका जात्याच मायाळू असेल, पण दहा वर्षे तिला फक्त वहीबद्दल विचारले तर तिची माया वहीत जाऊन बसेल. तिला तसे आपण घडवलेले असते. यशपाल समितीने १९९३मध्येच लहान मुलांच्या पाठीवरचे ओझे कमी करा, नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असे सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. धोरणे बदलली, पण बाराच्या फाटकातला प्रश्न बदलला नाही. आणि टीचर धोरण वाचत नाही. ती फाटकातले ऐकते.

माझाही एक अपराध इथे कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तिथल्या बालवाडीत एक मुलगा होता. गोड, हसरा, खोडकर. दोन महिन्यांनी टीचरने त्याच्या आईला सांगितले, "मागून हाक मारली तर तो वळत नाही. समोरून बोललं तर कळतं. एकदा कान तपासून घ्या." आईला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी आई-वडील दोघेही माझ्याकडे आले. "आमच्या मुलात खोट काढतात. घरी तर तो टीव्ही लावला की नाचतो." ती माणसे चांगली होती, चर्चच्या कामात पुढे असायची. मला त्यांना दुखवायचे नव्हते. मी टीचरला बोलावले आणि म्हणालो, "आपण डॉक्टर नाही. पालकांना उगाच घाबरवू नये."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, मी काही बोलले नाही तर आई खूष राहील. पण त्याला हाक कोण मारणार?" मी तो विषय तिथेच संपवला. डिसेंबरात मुलाने शाळा बदलली.

दीड वर्षाने एका रविवारी मिस्सेनंतर ती आई आवारात दिसली. मुलाच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे होती. "टीचर कुठे आहेत?" तिने विचारले. टीचर वर्गाच्या पायरीवर होती. आई तिच्यासमोर उभी राहिली, पण तिला बोलता येईना. टीचरनेही तिला बोलायला लावले नाही. ती खाली उकिडवी बसली, आपला चेहरा मुलाच्या चेहऱ्यासमोर आणला आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. तो हसला. मी बाजूला उभा होतो, माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

मूल भाषा शिकते ती याच वयात. त्याची दीड वर्षे गेली. त्यातला किती भाग माझ्या त्या गोड बोलण्यामुळे गेला, हा हिशेब मला अजून चुकवता आलेला नाही. मी त्या दिवशी चांगला शिक्षक आणि आवडता शिक्षक यांची गल्लत केली. जी टीचर रोज "छान आहे हो तुमचा" म्हणते ती आवडते. जी नीट पाहते आणि पाहिलेले सांगते ती कधी कधी आवडत नाही. पण मुलाकडे नीट पाहणे हेच मायेचे खरे रूप आहे. न पाहता केलेली माया ही नुसती सवय असते.

आणखी एक गाठ सोडवायला कठीण आहे. प्रत्येक आईला वाटते, टीचरने माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे. हे वाटणे नैसर्गिक आहे. आईचे प्रेम पक्षपाती असायलाच हवे, नाही तर ते आईचे कसले? पण वर्गात पंचवीस मुले, आणि टीचरला हात दोनच. जी टीचर ओळखीच्या, देणगी देणाऱ्या किंवा मोठ्या हुद्द्यावरच्या घरातल्या मुलाला जास्त जवळ घेते, ती त्या मुलावरही माया करीत नाही. ती त्याच्या घराकडे पाहते. उद्या तुमची परिस्थिती बदलली तर तिची नजरही बदलेल. तुमच्या मुलाला मिळणारी माया खरी असेल तर ती फाटका फ्रॉक घालून आलेल्या शेजारच्या मुलीलाही तेवढीच मिळत असणार. तिथेच तिची पारख होते.

याचा अर्थ सर्वांना मोजून सारखे, असाही नव्हे. शंभर मेंढरांचा दाखला आपल्याला पाठ आहे. नव्याण्णव सोडून एकामागे जाणारा मेंढपाळ हिशेबात बसत नाही. पण तो एकामागे जातो ते एक आवडते आहे म्हणून नव्हे, तर ते हरवले आहे म्हणून. आज तुमचे मूल रडते आहे तर टीचर त्याच्याजवळ जाईल. उद्या दुसरे रडेल तेव्हा तुमचे मूल तिला वाट पाहताना दिसेल. ते वाट पाहणे हासुद्धा त्याचा त्या दिवसाचा धडाच आहे, आणि तो कोणत्याही वहीत येत नाही.

शेवटी पैशाबद्दल बोलायला हवे. कांटने १७८५ साली लिहिलेल्या एका ग्रंथात सांगितले की काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू चालते. काही गोष्टींना मात्र प्रतिष्ठा असते, त्यांच्या जागी दुसरे काही चालत नाही. रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे दुसऱ्या जातीचे. त्याची किंमत करता येत नाही. इथवर आपण सगळे मान डोलावतो. मग पुढची उडी चुकीची मारतो. किंमत करता येत नाही, म्हणून थोडक्यात भागवतो.

बघा ना. दहावीच्या क्लासला आपण हजारो रुपये भरतो, तक्रार न करता. जसजसे मूल लहान, तसतसा त्याला शिकवणाऱ्याचा पगार लहान. अंगणवाडी सेविकांना सरकार जे देते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने २०१८मध्ये मुख्य अंगणवाडीच्या सेविकेसाठी आपला मानधनाचा दर महिना ३,००० रुपयांवरून ४,५०० केला, आणि राज्ये त्यात आपली भर घालतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मानधन हा शब्द किती सुंदर आहे! पण त्यातला मान भाषणात राहतो आणि धन हातात येत नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात पाहू. आपल्या बालवाडीच्या टीचरना आपण काय देतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी कधी विचारले? मीही येऊन वर्षभर विचारले नव्हते. "ही सेवा आहे" असे आम्ही धर्मगुरू सहज म्हणतो. सेवा ही देणाऱ्याने म्हणायची गोष्ट आहे. घेणाऱ्याने ती म्हटली की ती काटकसर होते. जिचा स्वतःचा घरखर्च भागत नाही, जी दुपारी शिकवण्या आणि संध्याकाळी शिवणकाम करून दमून सकाळी येते, तिच्याजवळ मुलाचे अर्धे वाक्य पुरे होईपर्यंत थांबायचे बळ कुठून येणार? मायेला किंमत नसते, पण माया करणाऱ्या माणसाला घरभाडे असते.

तेव्हा या वर्षी आपण तीन गोष्टी करीत आहोत. एक, आर्थिक समितीच्या पुढच्या बैठकीत टीचर आणि मावशींच्या पगाराचा विषय पहिला असेल. त्यासाठी फी थोडी वाढली तर कारण तुम्हाला ठाऊक असेल, आणि ज्यांना ती झेपणार नाही त्यांनी निःसंकोच मला भेटावे. दोन, महिन्यातून एका शनिवारी पालकांनी टीचरशी पंधरा मिनिटे बसून बोलायचे आहे. ती जे सांगेल ते, आवडो न आवडो, ऐकून घ्यायचे आहे. ती काही काळजीचे बोलली तर माझ्याकडे तक्रार घेऊन येण्याआधी एकदा डॉक्टरकडे जा. मी पूर्वीची चूक पुन्हा करणार नाही. तीन, पहिल्या सत्रात वह्या घरी येणार नाहीत. वाळूचे तबक कपाटातून बाहेर काढले आहे.

चौथी गोष्ट मला करता येणार नाही, ती तुमच्या हाती आहे. दुपारी फाटक उघडेल तेव्हा "आज काय शिकवलं?" हा प्रश्न एक आठवडा बाजूला ठेवून पाहा. त्याऐवजी मुलाला विचारा, आज कुणाबरोबर खेळलास? टीचरला विचारा, आज तुम्हाला याचे काय दिसले? पहिले काही दिवस ती गोंधळेल. वही कुठे आहे हे शोधू लागेल. मग हळूहळू सांगू लागेल. तुमच्या मुलाविषयी तुम्हाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट तिच्याजवळ नक्की असते. दिवसाचे तीन तास ती त्याच्याकडे पाहत असते.

त्या जूनच्या सकाळी टीचरने त्या आईला काय उत्तर दिले, हे सांगायचे राहिले. ती "हो" म्हणाली नाही. म्हणाली, "घेईन. पण आधी सांगा, घरी रडतो तेव्हा तुम्ही काय करता?" आई म्हणाली, "पाठीवरून हात फिरवते, आणि विमानाचं गाणं म्हणते." टीचरने मान हलवली आणि त्याला घेऊन आत गेली. जाळीबाहेर ती आई अजून थांबली होती. थोड्या वेळाने आतून विमानाचे काहीतरी बेसूर ऐकू आले. मग ती वळली आणि स्टेशनच्या रिक्षात बसली.

तुमचा,
फादर